तुझं ते ‘ठीक थी’

ताई, तुझ्या नावाआधीचं ‘डॉ.’ मी परवा कापायला लावलं. गल्लीतल्या पोरांनी चौकात तुझं बॅनर लावलं होतं. आधार कार्डावरचा फोटो मोठा केलेला, त्यामुळे तू पोलिसांना हवी असल्यासारखी दिसत होतीस, आणि वर ठळक अक्षरांत ‘डॉ. सुजाताताई यांना भावपूर्ण आदरांजली’. मी म्हटलं, हे ‘डॉ.’ काढा. पोरं म्हणाली, “काका, पूरी गल्ली त्यांना डॉक्टर ताईच म्हणायची. क्या फरक पडतो?” मी म्हटलं, “तिला पडायचा.” पोरांनी तोंडं वाकडी केली, पण ब्लेड आणून तेवढा चौकोन कापला. आता त्या भोकातून मागच्या मोबाइलच्या दुकानाची पाटी दिसते. घरी आल्यावर सुनंदा मला म्हणाली, “बायको म्हणून सांगते, एवढं तर राहू द्यायचं होतं. पोरांनी प्रेमानं केलं होतं.” तिचंही चूक नाही. पण मी तुझ्या बाजूनं भांडलो, आणि तेही नेमकं याच विषयावर, हे बघायला तू नव्हतीस याचं मला वाईट वाटतंय.

तुला जाऊन आठवडा झाला. माणसं येतात, वंदना होते, मग चहा होतो आणि चहाबरोबर तुझी चौकशी होते. नव्या माणसांना मी सांगतो, पलासियाला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये होती, जन्मभर तिथेच. जुनी माणसं तेवढ्यावर थांबत नाहीत. “पर वो तो मेडिकल में थी ना?” असं कुणीतरी म्हणतंच. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं, मी सांगता सांगता चिडतो आणि सुनंदा आतून खोकते. म्हणून आता तुलाच लिहितोय. तुला सगळं माहीत आहे, म्हणजे तू मला जागोजागी अडवणार. अडव.

त्या वर्षांत आपल्या घराचा जीव दोन गोष्टींवर टांगलेला होता. एक बाबांची मिल आणि दुसरी तुझी स्कॉलरशिप. आजोबा महूच्या पलटणीत होते, बाबा मिलच्या विणकाम खात्यात, आणि तू थेट मेडिकल कॉलेजात. परदेशीपुऱ्यातल्या आपल्या दोन खोल्यांत तू अभ्यासाची हाडांची पेटी घेऊन आलीस तेव्हा आईनं ती आधी दाराबाहेर ठेवायला लावली. मग रात्री कुत्री येतील म्हणून स्वतःच आत घेतली. “कोण होतं गं बिचारं?” असं ती त्या हाडांकडे बघून विचारायची आणि तू म्हणायचीस, “आई, हे फक्त फीमर आहे.” ती म्हणायची, “तरी पण कोणाचं तरी आहे ना.”

स्कॉलरशिपचा नियम बाबांना पाठ होता. कॉलेजच्या ऑफिसातल्या एका बाबूकडून त्यांनी तो समजून घेतला होता आणि घरी येऊन आईला आणि मला पाढ्यासारखा शिकवला होता. “एक बार फेल, माफ. दुसरी बार फेल, बंद.” बंद म्हणजे पुढच्या वर्गात जाईपर्यंत सगळा खर्च आपला. पण आजारपणामुळे पेपर चुकला तर तो फेल धरत नाहीत. त्यासाठी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं, आणि वर डीनसाहेबांनी लिहून द्यावं लागतं की ही मुलगी परीक्षेला बसली असती तर पास झाली असती. हे शेवटचं बाबांना फार आवडायचं. “मतलब डीनला जे झालंच नी ते पण सांगायला लागतं,” असं म्हणून ते हसायचे. आपल्याला त्या कलमाची गरज पडेल असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं.

तुझी माफी तू पहिल्याच परीक्षेत वापरून टाकलीस. ॲनाटॉमी. बारावीपर्यंत हिंदीतून शिकलेली मुलगी, आणि समोर इंग्रजीतली ती जाडजूड पुस्तकं. तू एकेक शब्द देवनागरीत लिहून भिंतीवर चिकटवायचीस, आणि ते वाचून वाचून आईलाही निम्म्या स्नायूंची नावं यायला लागली होती. दुसऱ्या खेपेला तू चांगली पास झालीस. पण तेव्हापासून बाबा मोठ्यानं हसले तरी मध्येच थांबायचे. “आता दुसरा चान्स नी आहे, बेटा,” एवढं एकदा म्हणायचे आणि पुन्हा हसायला लागायचे.

मग मिलचं सुरू झालं. आधी पगार पुढे ढकलले गेले, मग एक पाळी गेली, मग बातमी आली की सरकारनं मिल ‘बीमार’, म्हणजे तोट्यात बुडालेली, घोषित केलीय. युनियनच्या माणसांनी त्या कागदाच्या नकला वाटल्या. सगळी चाळ काळजीत आणि बाबा एकटे खूश. त्यांचं म्हणणं सरळ होतं. “बीमार झाली, म्हणजे मेली नी ना? सरकारच्या कागदात बीमार लिहिलं, मतलब आता इलाज पण सरकारच करणार.” तू पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलंस, “कोणत्या वॉर्डात ठेवलीय बाबा?” बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. कागदाची ती नक्कल घडी घालून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि रोज त्या दिवशीच्या सदऱ्यात हलवत राहिले. त्याच दिवसांत पलासियाला काचेची नवी दुकानं उघडत होती, लोक टीव्ही बघायला दुकानाबाहेर उभे राहायचे, आणि आपल्या गल्लीत कामावर जाणारी माणसं रोज कमी होत होती.

तुझा पॅथॉलॉजीचा पेपर होता त्या सकाळी बाबा मिलच्या गेटवर गेले होते, काही नवी नोटीस लागलीय म्हणून. तू निघतच होतीस. सायकलवरून एक जण आला आणि दारातूनच म्हणाला, “बाबूजी गेट पे गिर गए.” मी तेव्हा नुकताच पॉलिटेक्निकला लागलो होतो, तुझी बॅग मी उचलली आणि आपण दोघं धावलो. गेटवर पोचलो तर बाबा धडधाकट. निरोप्यानं माणूस चुकवला होता. पडले होते ते बाबांचे जोडीदार, रामभाऊ. बाबा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

इथे मी दर वेळी चिडतो. पेपरला वेळ होता, ताई. बाबांना काही झालेलं नव्हतं. मी तुझी बॅग पुढे केली होती आणि “चल” म्हणालो होतो. पण गर्दीत कुणीतरी बोललं, “हटो हटो, डॉक्टरनी आ गई,” आणि माणसं दोन्ही बाजूंना सरकली. तू आत गेलीस. तुला काही येत नव्हतं तेव्हा. वॉर्डात मोठ्या डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून जे दिसलं तेवढंच. तू रामभाऊंचा सदरा सैल केलास, नाडी बघितलीस, टेम्पो बोलवायला लावलास आणि त्यांच्याबरोबर टेम्पोत बसलीस, बॅग घेऊन मीही चढलो. ते वाटेतच गेले. नंतर कधीतरी, मी फारच लावून धरलं तेव्हा, तू एवढंच म्हणालीस, “मिल्या, एवढी जागा केली रे त्यांनी. त्या जागेतून मी परत कशी फिरणार होते?”

हॉस्पिटल आणि कॉलेज एकाच आवारात. रामभाऊंना आत नेल्यावर तू तशीच परीक्षेच्या हॉलकडे पळालीस, मी मागे. दारावरच्या सरांनी घड्याळ दाखवलं. उशिरा येणाऱ्यांना सोडायची मुदत टळून गेली होती. आतली पोरं मान खाली घालून लिहीत होती, पंख्यांचा आवाज येत होता. तू वाद घातला नाहीस. बाहेरच्या नळावर हात धुतलेस आणि मला म्हणालीस, “रामभाऊंच्या घरी कोणी सांगितलं असेल का?”

आता ऑफिस. तू म्हणशील, हे नको सांगूस. पण तेच तर सांगायचंय.

चुकलेला पेपर फेल धरू नका, हे सांगायला आपण तिघं गेलो होतो. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. खिडकीमागच्या बाबूनं विचारलं, “बीमारी का प्रमाण लाए?” बाबा म्हणाले, “लाया हूँ साब,” आणि त्यांनी खिशातून घडी काढून खिडकीतून आत सरकवली. मिलचा कागद. मला वाटलं, घाईत दुसरा कागद गेला. तसं नव्हतं. बाबांनी पूर्ण विचार करून तो दिला होता. नियमात लिहिलंय, बीमारीमुळे पेपर चुकला तर. मिल बीमार आहे, सरकारचा शिक्का आहे. मिल बीमार म्हणून गेटवर नोटीस लागली, नोटीस वाचून रामभाऊ पडले, रामभाऊंमुळे पेपर चुकला. त्यांच्या हिशेबात एकही कडी सुटलेली नव्हती.

बाबूनं कागद वाचला आणि शेजारच्याला दिला. “देखो भिया, इनकी मिल को बुखार आया है.” शेजारच्यानं तिसऱ्याला दिला. अख्खं ऑफिस हसलं. आणि बाबाही हसले. काय चाललंय ते कळलं नाही की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघून थोडा हसतो, तसे. मी ते हसू पाहिलं, पण तू जास्त जवळ उभी होतीस.

तो बाबू भला माणूस होता, हीच तर अडचण. दुष्ट असता तर आपण त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळे झालो असतो. हसून झाल्यावर त्यानं कागद परत दिला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “बाबूजी, ये नहीं चलेगा. बिटिया के नाम का ले आओ. मोहल्ले के किसी भी डॉक्टर से लिखवा लो, टाइफाइड-वाइफाइड कुछ भी. मैं लगा दूँगा, काम हो जाएगा.” आपल्या नाक्यावरचा डॉक्टर अशी सर्टिफिकेटं चहा पिता पिता द्यायचा. मला वाटलं, सुटलो. मी बाबांचा हात धरून निघालोसुद्धा. आणि तू त्या खिडकीशी उभी राहून म्हणालीस, “कागज दे दिया है ना सर. यही लगाइए.”

बाबूला वाटलं तुला नीट ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा समजावलं. तूही पुन्हा तेच.

शेवटी डीनसाहेबांनी बोलावलं. तू मला आत येऊ दिलं नाहीस, पण दार उघडं होतं आणि मी शिपायाच्या स्टुलाशेजारी उभा होतो. त्यांनी तुझे जुने मार्क बघितले. म्हणाले, तू बसली असतीस तर पास झाली असतीस हे मी डोळे मिटून लिहून देतो. मग पेन हातात धरून, मान वर न करता त्यांनी विचारलं, “उस दिन तबीयत ठीक नहीं थी ना?” तुला आठवतो त्यांचा सूर? उत्तर त्यांनीच दिलं होतं. तू नुसती मान हलवली असतीस तरी चाललं असतं. नुसतं ‘जी’ म्हणायचं होतं. तू म्हणालीस, “ठीक थी, सर.”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग एक ओळ लिहिली, सही केली. ‘छात्रा परीक्षा में बैठती तो उत्तीर्ण हो जाती.’ त्या ओळीवर स्कॉलरशिप मिळत नव्हती, कारण दुसरा कागद नव्हता. ते तरी काय करणार? तू बाहेर आलीस आणि जिन्यावर मी तुला विचारलं, “वेड लागलंय का तुला?” तू म्हणालीस, “आवाज कमी कर. बाबा खाली आहेत.”

स्कॉलरशिप बंद झाली. त्याच सुमारास मिलही बंद झाली, तिचा इलाज कुणी केला नाही. मग एका संध्याकाळी भाकरी खाता खाता बाबांनी तुला विचारलं, “माझ्या त्या कागदामुळे झालं का गं?” मी तोंड उघडणार होतो. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी तोंडात घास कोंबला. आणि तू त्यांना म्हणालीस, “नाही हो बाबा. पेपर दिला असता तरी मी पास होणार नव्हते. तयारीच नी होती माझी.” डीननं सही करून दिलेलं एकमेव खरं वाक्य तू भाकरीच्या ताटावर खोटं ठरवलंस. बाबांना बरं वाटलं, ते पुन्हा जेवायला लागले. मी ताट घेऊन मोरीत गेलो, कारण मला ओरडावंसं वाटत होतं. खोटंच बोलायचं होतं ना? मग ते आधी खिडकीशी का नाही बोललीस? तिथे एक टाइफाइड आणि इथे हे. दोन्हींत काय फरक होता?

हाच माझा प्रश्न. मी तो किती वेळा विचारला असेल.

तू कॉलेज एकदम सोडलं नाहीस. लोकांना वाटतं, सोडलंस. तू पुन्हा परीक्षेला बसणार होतीस, आपल्या खर्चानं. खर्चासाठी पलासियाच्या लॅबमध्ये लागलीस, सकाळी लोकांचं रक्त काढायचं काम. परीक्षेला बसायला हजेरी लागते. हजेरी भरायची तर लॅब सोडावी लागते. लॅब सोडली तर फी नाही, आणि आता घरातही तुझ्या पगाराशिवाय काही येत नव्हतं. तू दोन्हीकडे धावलीस. कधी पहिलं लेक्चर बुडायचं, कधी लॅबचे साहेब कटकट करायचे. शेवटी हजेरी कमी पडली आणि नोटीस बोर्डावर तुझं नाव परीक्षेला बसू न दिलेल्यांत आलं. त्या दिवशी तू घरी येऊन झोपलीस. पुढच्या वर्षी बघू म्हणालीस. पुढच्या वर्षी आईची तब्येत बिघडली. आपण कुणीच काही ठरवलं नाही, ताई, नुसतं बघत राहिलो आणि ते हातातून गेलं. नातेवाईक म्हणायचे, भावाच्या पॉलिटेक्निकसाठी बहिणीनं डॉक्टरी सोडली. ते तू कुणाला बोलू दिलं नाहीस. “याच्यासाठी कशाला सोडू? हा काय एवढा हुशार आहे का?” असं म्हणून तू मला वाचवायचीस. मी आभार मानले नाहीत, कारण तू अपमानच इतका पक्का करायचीस.

दर चौदा एप्रिलला, जयंतीला, आपण स्कूटरवर महूला जायचो. जाताना तू आजोबांच्या पलटणीच्या गोष्टी सांगायचीस आणि येताना आपण भांडायचो. स्कूटरवर भांडण सोपं, तोंड दिसत नाही. मी पुढून ओरडायचो, “एक टाइफाइड लिहिला असता तर काय बिघडलं असतं?” तू मागून माझ्या कानाशी, “गाडी बघून चालव.” मी म्हणायचो, “बाबांना कधी कळलंच नसतं.” तू म्हणायचीस, “मला कळलं असतं ना.” मी, “काय कळलं असतं?” मग तू नेहमी तेच बोलायचीस, की बाबांनी दिलेला कागद खिडकीतून परत आल्यावर त्याच्या जागी आपण दुसरा ठेवायचा, म्हणजे ऑफिसातले हसले ते बरोबर हसले. मी म्हणायचो, हसू दे ना, आपल्याला डॉक्टर व्हायचं होतं की त्यांचं हसू बंद करायचं होतं? आणि तू म्हणायचीस, “मिल्या, दिमाग नको खाऊ. पोहे खायचे का पुढे?” मग आपण पोहे खायचो. मी तिथेही तोंड फुगवून बसलेलो असायचो आणि तू माझ्या पोह्यांवर वरून शेव टाकायचीस.

तू जाईपर्यंत माझं तेच मत होतं. खरं सांगतो. तुझ्याविषयी मला किती आदर आहे ते वेगळं. पण ज्या देशात मिल खोटी आजारी पडते आणि खरी मरते, तिथे एका गरीब पोरीनं दोन दिवसांचा ताप उसना घेतला तर कुठल्या धर्माला बाध आला असता?

तू शांतपणे जगलीस, हे मला सर्वांत जास्त टोचायचं. गल्लीतले लोक दवाखान्याचा कागद घेऊन तुझ्याकडे यायचे आणि तू पहिलं वाक्य ठरलेलं बोलायचीस, “मी डॉक्टर नाही हं. डॉक्टरला दाखवा.” मग त्यांना कुठल्या डॉक्टरकडे जायचं ते सांगायचीस, कधी बरोबरही जायचीस. ते तरी तुला डॉक्टर ताईच म्हणायचे. माझी मुक्ता फार्मसीला लागली, तिलाही तीच स्कॉलरशिप, तोच नियम. दर रविवारी तू तिला फक्त एक प्रश्न विचारायचीस. “हजेरी किती?” ती म्हणायची, “आत्या, टेन्शन नका घेऊ ना, सेव्हंटी-फाइव के ऊपर है.” एकदा तिला मलेरिया झाला. तिचा ताप उतरायच्या आत तू सर्टिफिकेट करून, त्याच्या झेरॉक्स काढून कॉलेजात देऊन आलीस. मी मुद्दाम म्हटलं, “आता कसं?” तू चष्म्यावरून बघितलंस. “हिला ताप आहे,” म्हणालीस. “खरा.” मुक्ताला आपलं काय चाललंय ते कळलं नाही. मागच्या वर्षी ती पास झाली. तिच्या कॉलेजच्या कार्यक्रमाला तू माझ्या शेजारी बसली होतीस आणि टाळ्या वाजवून वाजवून तुझ्या बांगड्या कोपरापर्यंत गेल्या होत्या. त्या मुलीचं शिक्षण तू पूर्ण केलंस, ताई. हे मी तुला बोललो नव्हतो, आता बोलतो.

मग तुझ्या फुप्फुसात पाणी झालं. रिपोर्ट तू स्वतःच वाचलेस आणि घडी करून पर्समध्ये ठेवलेस. मला म्हणालीस, “थोडं वाढलंय.” मी तुझ्या चेहऱ्यावरून काहीच ओळखलं नाही. मला ते कधीच जमलं नाही. हॉस्पिटलमधल्या पोरसवदा डॉक्टरांना तू ‘सर’ म्हणायचीस. त्यातला एक तुला विचारायचा, “कैसा लग रहा है आंटी?” आणि दम लागलेल्या अवस्थेत तू सांगायचीस, “ठीक नहीं है, सर. रात को बहुत तकलीफ हुई.” जे असेल ते नेमकं. मी बाजूला उभा राहून तुझी उशी सारखी करायचो, दुसरं काही मला करता येत नव्हतं.

त्या दुपारी तू जरा बरी होतीस. मी मोसंबी सोलत होतो. तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, “मिल्या, तू ते सर्टिफिकेटचं म्हणत होतास ना. तुला एक सांगायचं राहिलंय.” मी फोड हातात धरून थांबलो. इतक्या वर्षांत तो विषय तू आपणहून कधी काढला नव्हतास. तू दम घेत होतीस. तेवढ्यात नर्स चिठ्ठी घेऊन आली. “भाई साब, ये इंजेक्शन नीचे से ले आओ, अभी लगाना है.” तू डोळ्यांनीच म्हणालीस, जा, ये जाऊन. खाली औषधाच्या खिडकीवर गर्दी होती. एकाचं बिल चुकलं होतं, तो भांडत होता. मीही ओरडलो, कुणी ऐकलं नाही. वर आलो तेव्हा पडदा ओढलेला होता. मग पडदा बाजूला झाला तर तुझ्या तोंडावर श्वासाच्या मशीनचा तो घट्ट मास्क होता आणि त्यातून बोलता येत नाही. मी वाकून विचारलं, “काय सांगत होतीस?” तू मान हलवलीस. हो अशी की नाही अशी, मला कळलं नाही. मशीनच्या झटक्यानं हलली असेल तरी मला ते कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलीस.

त्यानंतर मी दुसरं काही करू शकलेलो नाही. लोक बसलेले असतात, वंदना चाललेली असते आणि मी तुझं ते अर्धं वाक्य पुरं करत असतो. जन्मभर मला तुझ्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं: मिल्या, तुझं बरोबर होतं. त्यासाठी मी तुला स्कूटरवर, जेवताना, लोकांच्या लग्नांत छळलं. आणि आता रोज भीती वाटते की तू नेमकं तेच सांगणार होतीस. म्हणजे ती सगळी वर्षं, रोज सकाळी पलासियाला जाऊन लोकांच्या दंडाला रबर बांधताना, तुला आतून पटलेलं होतं की ते ‘जी’ म्हणायला हवं होतं. आणि ते तू एकटीनं सोसलंस, वर माझ्या पोह्यांवर शेव टाकत राहिलीस. तसं असेल तर मी काय करू, ताई? कोणाकडे जाऊ? मला आता काहीच करता येण्यासारखं उरलेलं नाही.

मला जिंकायचं नाही. सगळं माझंच चुकत होतं. तू कागद बदलला नाहीस ते बरं केलंस, आणि तुला त्याचं एक दिवसही वाईट वाटलं नाही. हेच सांगणार होतीस ना तू? मी तुझ्यासाठी प्रश्न सोपा करून विचारतोय. नुसतं हो म्हण.